पाचची हाक

१

अक्षताला खाणीच्या पाण्यातून वर काढलं तेव्हा तिचा चेहरा तापात असल्यासारखा लाल होता आणि हाका मारूनही ती ओ देत नव्हती. पाण्याखालच्या घरात ती बराच वेळ बेशुद्ध पडून होती. जीव वाचला, पण अगदी थोडक्यात.

हेमलताबाई सबनीसांना ही बातमी दुसऱ्या दिवशी सकाळी कळली. मयूर विहारच्या आपल्या फ्लॅटमध्ये त्या पोह्यांवर पाणी शिंपडत होत्या, तेवढ्यात जयदीप पाटसकरचा फोन आला. एके काळी हाच जयदीप त्यांच्या हाताखाली नवखा अधिकारी म्हणून लागला होता. आता तो स्वतः एका मोठ्या प्रकल्पाचा प्रमुख होता, आणि त्याचा आवाज चिरकत होता.

"मॅडम, तुम्ही याल का? गाडी पाठवतो."

"अरे, मी रिटायर होऊन किती वर्षं झाली! माझं काय काम तिथं?"

"माणसं ओळखायचं काम आहे. ते दुसऱ्या कुणाला येत नाही."

हे मात्र खरं होतं. बर्फावरच्या संशोधन केंद्रात हिवाळाभर अडकून राहायला कोण लायक आणि कोण नाही, हे ठरवण्यात बाईंची सगळी नोकरी गेली होती. त्या वेळी आठवड्यातून एकदा रेडिओवर बोलणं होई. खरखरीतून येणाऱ्या दोन वाक्यांवरून त्या ओळखायच्या, की तिकडचा माणूस नीट झोपतोय की भिंतीकडे बघत बसतोय. आता मात्र त्यांच्या स्वतःच्या घरी फोन वाजायचा तो रविवारी. मुलगा विक्रांत टोरांटोहून विचारायचा, "आई, सगळं ठीक?" त्या म्हणायच्या, "ठीक." पती राजाभाऊ गेल्यापासून एवढंच चाललं होतं. त्यांच्या आवाजावरून काही ओळखणारं कुणी उरलं नव्हतं.

"नीट सांग," त्या म्हणाल्या.

"दर तासाला किनाऱ्यावरून खाली हाक जाते. पाचची हाक फोनवर बसणाऱ्या स्वरूपाच्या पाळीत होती. ती म्हणते, मी विचारलं आणि उत्तर आलं, सब ठीक. खालचे दोघं म्हणतात, लाइन उघडली पण वरून कुणी बोललंच नाही, नाहीतर तेव्हाच मदत मागितली असती. कुणीतरी खोटं बोलतंय, मॅडम. आणि उद्या सकाळी मला मंत्रालयात एक नाव द्यायचंय."

"कुणाचं देणार?"

"स्वरूपाचंच. दुसरं कुणाचं देऊ?"

२

गुरुग्रामचे काचेचे मनोरे मागे पडले की अरवलीच्या उघड्या टेकड्या लागतात. तिथल्या एका जुन्या दगडखाणीत पाणी साठून मोठा तलाव झाला होता. त्याच्या तळाशी, सहा मजली इमारत बुडेल इतक्या खोल, लोखंडाचं एक घर ठेवलं होतं. नाव जलघर. पुढच्या महिन्यात खऱ्या समुद्रात असंच घर उतरायचं होतं, त्याची ही तालीम.

जलघरात तिघं राहायचे. चैतन्य प्रमुख, गौरव यंत्रं सांभाळणारा आणि अक्षता डॉक्टर. वर किनाऱ्यावर पाणबुडे, स्वयंपाकी, वीज बघणारे असा मोठा गोतावळा होता. पण खालच्यांशी बोलायचं एकानेच, फोनच्या पाळीवर असेल त्याने. चार जणांनी चार सूचना दिल्या की खालची माणसं गोंधळतात, म्हणून ही शिस्त. शब्दही ठरलेले. वरून विचारायचं, "जलघर, किनारा. सब ठीक?" खालून यायचं, "किनारा, जलघर. तीनों ठीक." उत्तर आलं नाही, तर पाणबुडे लगेच उडी घेणार. हे बोलणं मात्र कुठं साठवलं जात नव्हतं.

"आणि आतला कॅमेरा?" बाईंनी विचारलं.

"दुपारी बंद ठेवायची मुभा आहे. अक्षता रात्री जागते, दुपारी झोपते. बाहेरच्या कॅमेऱ्यात हिरव्या धुक्याशिवाय काही दिसत नाही."

"आतली हवा बिघडली, तर वर काही कळत नाही?"

जयदीपने चष्मा काढून पुसला. "कळायला हवं होतं. पण ती वायर पावसाळ्यापासून तुटलीय. नवीन मागवलीय मी."

"म्हणजे जे काही होतं ते त्या तासाच्या हाकेवरच होतं."

"हो," तो जमिनीकडे बघत म्हणाला. "म्हणून तर स्वरूपावर एवढं येतंय ना, मॅडम."

"आणि तुझ्यावर काहीच येत नाही, असं म्हणतोस?"

जयदीपने फाटकावरच्या पहारेकऱ्याला बोलावलं. पहारेकरी अवघडून म्हणाला, "मैडम जी, झूठ नहीं बोलूँगा. पाँच बजे के तुरंत बाद स्वरूपा मैडम बाहर आई थीं. पानी के पास टहल रही थीं. अकेली." तो घुटमळला. "हँस रही थीं, जी."

"आलं लक्षात?" जयदीप हळूच म्हणाला. "खाली पोर गुदमरत होती, आणि ही बाहेर हसत फिरत होती. हे मी कुणाला समजावू?"

३

अक्षता किनाऱ्यावरच्या दाबाच्या टाकीत होती. खाली राहिलेल्या माणसाचं शरीर तिथल्या दाबाला सरावतं. त्याला एकदम वर आणलं तर रक्तात बुडबुडे होतात. म्हणून तिला घाईने वर आणून लगेच तेवढ्याच दाबाच्या टाकीत ठेवलं होतं. दाब सावकाश उतरायचा होता, तोवर बाहेर येणं नाही. गोल काचेतून तिचा चेहरा दिसत होता. बोलायचं ते फोनवरून, आणि तो फोन आतापर्यंत फक्त डॉक्टरांनी उचलला होता. बाईंनी ते मुद्दाम विचारून घेतलं.

"कशी आहेस गं?"

"बोअर झालंय, काकू." आवाज बारीक, नाकातून आल्यासारखा. "डोकं ठणकतंय. चहा दिला, पण त्याला चवच नाही. खाली असंच असतं. लोणचंसुद्धा मातीसारखं लागतं. चिवड्याचं पाकीट पाठवलं तर पापडासारखं चपटं होऊन येतं."

"घरची आठवण येते का?"

"मी संगमनेरची. आईला अजून सांगितलेलं नाही. तिला वाटतं मी ऑफिसात काम करते."

"काल दुपारचं काय आठवतं?"

"झोपले तेव्हा दोघंही होते. चैतन्य आलेखांवर काम करत होता. गौरव हवा गाळायच्या पेटीतली पावडर बदलणार होता. मग जाग आली ती डोकं फुटेल असं दुखत होतं. हाक मारली, पण कुणी आलं नाही. उठायला गेले आणि पडले."

"फोन वाजला?"

"नाही आठवत. नुसतं…" ती हसली. "काहीतरीच. कुणीतरी शीळ घालत होतं. स्वप्नच असणार, कारण खाली शीळ येतच नाही. पहिल्या दिवशी आम्ही तिघांनीही करून बघितली. नुसता वारा."

"कसली शीळ? चाल आठवते?"

अक्षताने काचेला कपाळ टेकवलं आणि गुणगुणली. पाळणा हलवताना म्हणतात तशी लहानशी चाल होती. चढून एकदम खाली येणारी आणि मध्येच तुटणारी.

"तुझ्या ओळखीची आहे का ही?"

"नाही. कुठून आली कुणास ठाऊक. काकू, तुम्ही थोडा वेळ थांबाल? बोलू नका हवं तर. नुसत्या काचेपाशी बसा."

बाई बसून राहिल्या. डॉक्टर येईपर्यंत त्या उठल्या नाहीत.

४

गौरव आणि चैतन्य अजून खालीच होते, त्याच दाबात. दाब उतरवायला संध्याकाळी सुरुवात होणार होती. बाईंनी आधी गौरवला फोनवर बोलावलं. तो आर. के. पुरममध्ये वाढलेला, मराठी अर्धी हिंदीच.

"मला याद होती आंटी, पावडर चेंज करायची. कसम से. पण थोडं लेट झालं."

"का लेट झालं?"

"बस… काम होतं."

"कुठलं काम?"

"चैतन्य सर सांगतील ना."

"मी तुला विचारतेय."

"आंटी, प्लीज." आणि त्याने फोन ठेवून दिला. फोनवर हजारदा बोललेला मुलगा, पण ठेवण्याआधी निरोपाचा शब्दही बोलला नाही.

स्वरूपा बाहेर पायरीवर बसली होती. चाळिशीला टेकलेली, सुती साडी, केसांचा घट्ट अंबाडा. लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये ती आणि अंथरुणाला खिळलेले वडील, भाऊसाहेब, असे दोघंच राहायचे. क्वार्टर तिच्या नोकरीवर मिळालेलं. नोकरी गेली की घर गेलं, आणि वर हलगर्जीचा ठपका.

"मावशी, तुम्हीही तेच विचारणार. मी विचारलं, उत्तर आलं. तीनों ठीक. चैतन्यसरांचा आवाज. किती वेळा सांगू?"

"तू कधी खाली गेलीस का गं?"

प्रश्न अनपेक्षित होता. "नाही. कानाच्या पडद्याला छिद्र आहे लहानपणापासून. निवडीत सगळ्यात वर नाव होतं माझं, मग डॉक्टरांनी कान बघितला." ती पाण्याकडे बघत म्हणाली. "म्हणून फोनवर बसवलं. दोन वर्षं झाली. त्यांचा श्वाससुद्धा ओळखते मी."

"मग बाहेर येऊन हसत का होतीस?"

स्वरूपाची मान खाली गेली. कानाच्या पाळ्या लाल झाल्या. बाईंनी घाई केली नाही. अशा वेळी पुढचा प्रश्न विचारायचा नसतो, हे त्या नोकरीतच शिकल्या होत्या.

"तुम्ही कुणाला सांगाल?"

"आधी ऐकू तर दे."

"उत्तर दिल्यावर ते शीळ घालतात," ती इतकी हळू बोलली, की बाईंना पुढे झुकावं लागलं. "रोज नाही. पाचच्याच हाकेला. आठवडा झाला. मी म्हणून ती पाळी मागून घेते. आईची चाल आहे ती, मावशी. गाणंसुद्धा नाही, ती नुसतीच गुणगुणायची. मी फोनच्या खोलीत कधीतरी गुणगुणत असेन. त्यांनी ऐकली असणार. इतकी माणसं आहेत इथं, पण माझी चाल कुणाच्या लक्षात राहील असं मला वाटलं नव्हतं."

"गुणगुण बघू."

स्वरूपाने डोळे मिटले. चाल चढली, एकदम खाली आली आणि मध्येच तुटली.

हेमलताबाई हीच चाल टाकीच्या काचेपाशी ऐकून आल्या होत्या.

५

त्या फोनच्या खोलीत गेल्या. जयदीपला त्यांनी शेजारी बसवलं आणि गप्प राहायला सांगितलं. चैतन्य लाइनवर आला. आवाज छान, भरदार. कुणालाही विश्वास वाटावा असा.

"बोला, मॅडम. जे हवं ते विचारा."

"अरे, चौकशी वगैरे झाली सगळी. मी आपली गप्पा मारायला बसलेय. तुला शीळ येते का रे?"

तो हसला. "येते की. शाळेत मास्तरांचा मारही खाल्लाय त्यापायी."

"मग घाल ना एकदा. म्हातारीची हौस समज."

"इथं नाही यायची. इथली हवा एवढी दाट असते की ओठांतून नुसतं फुस्स होतं. इथं राहिलेल्या कुणालाही विचारा."

"अच्छा! आणि वरच्या माणसांना हे माहीत असतं?"

"वरच्यांना कसं असणार? जो राहिलाय त्यालाच…"

तो थांबला.

"स्वरूपाला माहीत नव्हतं," बाई म्हणाल्या. "म्हणून तिने खरं ते सांगितलं. पाचला तुझं उत्तर आलं, आणि पाठोपाठ तुझी शीळ."

मग लांबून गौरवचा रडवेला आवाज आला, "यार, सर, बोल दो ना अब."

६

जयदीपचा चेहरा उतरला होता. "मॅडम, पण स्वरूपाने मनानेच रचलं असेल तर?"

"मलाही आधी तेच वाटलं. खाली शीळ येत नाही हे जिला ठाऊक नाही, ती असं खोटं सहज रचेल. पण अक्षतानेही शीळ ऐकली. काल बेशुद्ध पडताना. तिला ते स्वप्न वाटलं. दोघींची काल-आज भेट नाही, फोन नाही. तरी दोघींनी मला एकच चाल ऐकवली, एकाच ठिकाणी तुटणारी. म्हणजे शीळ वाजली, आणि खाली वाजली. पण खालच्या कुणाच्या तोंडून ती वाजणं शक्य नाही. मग काय राहिलं?"

"रेकॉर्डिंग," जयदीप पुटपुटला.

"वर, मोकळ्या हवेत केलेलं. आपणच त्यांचं काम सोपं केलं, जयदीप. प्रश्न ठरलेला, उत्तर ठरलेलं. रोज तेच शब्द. माणूस असला काय, नसला काय, फरक कुणाला कळणार?" बाईंनी टेबलावरच्या फोनकडे बघितलं. "माझ्याकडेही रविवारी असंच एक उत्तर तयार असतं. ते द्यायला माझी गरज लागत नाही."

मग फोनवर गौरवने सगळं सांगून टाकलं. कामं मागे पडली होती. ती झाली नाहीत, तर समुद्रातल्या मोहिमेला दुसरी तुकडी जाणार होती. एकाने बाहेर जाऊन पुरत नव्हतं. पण दोघं एकदम बाहेर पडायला सक्त मनाई, फोनपाशी एक जण जागा पाहिजेच. म्हणून अक्षता झोपली की दोघंही बाहेर पाण्यात जायचे. फोनच्या माइकसमोर टॅबलेट ठेवलेला असायचा. वरून आवाज आला की तो आपोआप चैतन्यचं उत्तर वाजवायचा. ते उत्तर त्यांनी खाली उतरण्याआधी, किनाऱ्यावर आवाजाची चाचणी चालली असताना भरून ठेवलं होतं. काल बाहेर उशीर झाला. पावडर बदलायची राहिली, आणि आतली हवा हळूहळू विषारी होत गेली. परत आले तेव्हा अक्षता फरशीवर.

"आणि स्वरूपावर ढकलायचं कुणी ठरवलं?"

गौरव रडत होता. उत्तर चैतन्यने दिलं. "मी. अक्षता मरते की काय असं वाटलं, मॅडम. डोकं चाललं नाही."

"डोकं तर चांगलं चाललं तुझं. आवाज साठवला जात नाही, तिची बाजू घेणारं कुणी नाही, हे बरोबर हेरलंस." बाईंचा आवाज चढला नव्हता. "एकच सांग. शीळ कशाला घातलीस?"

"शीळ?" तो खरोखर गोंधळला. "बटण बंद करायला उठलो असेन. सवय आहे. रेकॉर्डिंगमध्ये आलीय हेही मला माहीत नव्हतं."

"आणि चाल? ती कुठली?"

"कुठली चाल, मॅडम?"

बाईंनी फोन ठेवला.

७

दुपार कलली होती. स्वरूपा अजून त्याच पायरीवर होती. कुणीतरी आणून दिलेल्या चहावर साय धरली होती.

"तू सुटलीस," हेमलताबाई शेजारी बसत म्हणाल्या. "नोकरी राहील, क्वार्टर राहील. तुझं नाव कुठं जाणार नाही. जयदीप येऊन माफी मागेल. नाही मागितली तर मला सांग."

आणि मग त्यांनी उरलेलंही सांगितलं, कारण ते न सांगता पहिलं सांगता येत नव्हतं. शीळ खाली वाजत नाही. ती टॅबलेटमधून यायची. पाचला खाली जागं असं कुणीच नसायचं.

स्वरूपाने सगळं शांतपणे ऐकलं. मग तिने विचारलं, "पण चाल तर माझीच होती ना?"

"तुझीच. तू गुणगुणत असताना त्याच्या कानावर पडली असणार."

"त्यांना माहीत होतं, माझी आहे म्हणून?"

उमेदीच्या काळात बाईंनी कितीतरी माणसांना नकार कळवले होते. बर्फावर जायची स्वप्नं बघणाऱ्यांना समोर बसवून सांगितलं होतं, की तुझी निवड नाही. तेव्हा शब्द सापडायचे. आज सापडेनात.

"नाही, बाळ," त्या एवढंच म्हणाल्या.

स्वरूपाने मान हलवली. "रिपोर्टात लिहाल हे?"

"शीळ लिहावी लागेल. तुझी सुटका तिच्यावरच आहे. तू का हसत होतीस ते कुणी विचारलं, तर सांगेन, हवा चांगली होती."

ती हसण्याच्या बेतात होती, पण तेवढ्यात आतून जयदीप आला. त्याने सरळ हात जोडले. "स्वरूपाताई, चुकलं माझं. तुम्ही घरी जा आता. आजची पाळी दुसरं कुणी घेईल."

"कोण?"

"बघतो कुणीतरी."

"खाली दोन माणसं आहेत, सर. उद्यापर्यंत वर येता यायचं नाही त्यांना." ती उठली, साडीवरची धूळ झटकली. "पाळी माझी आहे."

फोनच्या खोलीत तिने कानांवर हेडफोन चढवला आणि लाइन उघडली. बाई दारात उभ्या राहिल्या.

"जलघर, किनारा. सब ठीक?"

"किनारा, जलघर," चैतन्यचा आवाज आला. "दोनों ठीक."

हाक इथं संपायची. स्वरूपाने लाइन बंद केली नाही.

"दुपारी काय जेवलात?" तिने मराठीत विचारलं.

"काय?"

"जेवलात काय ते सांगा. यापुढे दर तासाला काहीतरी वेगळं विचारीन. उत्तर आलं तरच तुम्ही आहात असं धरीन."

"खिचडी," चैतन्य म्हणाला. "करपली होती. गौरव जेवला नाही. तो कोपऱ्यात बसलाय." थोडं थांबून, "स्वरूपा, मी—"

"त्याला थोडं खायला घाला. आणि झोपू नका दोघंही एकदम."

तिने लाइन बंद केली. तिचा हात बटणावरून निघत नव्हता. हेमलताबाईंनी कोपऱ्यातली दुसरी खुर्ची ओढत तिच्या टेबलापाशी आणली, पर्स मांडीवर घेतली आणि घरी न्यायला थांबलेल्या गाडीला निरोप पाठवला, की अजून वेळ आहे.